मुंबईचें पाणी

मुंबई शहरांत धोबी तलाव आहे, गोवालिया टँक आहे, सी. पी. टँक आहे, दो टाकी आहे. या ठिकाणीं नाहीं तें फक्त पाणी. परगांवचा मनुष्य धोबी तलावाचा पत्ता विचारीत येतो आणि तलावाचा कांठ शोधीत भर रस्त्यांत उभा राहतो. तेव्हां त्याला सांगावें लागतें कीं, येथें एके काळीं तलाव होता. तो बुजविला गेला, आणि नांव तेवढें मागें राहिलें. स्थळांचीं नांवें म्हणजे शहराची स्मरणशक्ति. या नांवांनीं मुंबईची एक जुनी गोष्ट जपून ठेविली आहे. सुमारें एकशें साठ वर्षांपूर्वींपर्यंत या शहराचें पाणी शहराच्या पोटांतच होतें. आज त्यांतील बहुतेक पाणी डोंगर ओलांडून, नद्या ओलांडून दूरच्या खोऱ्यांतून येतें. हें अंतर कसकसें वाढत गेलें, आणि तें वाढत असतां पाण्यावरील हक्काचें व पाण्याविषयींच्या जबाबदारीचें काय झालें, हीच मुंबईच्या पाणीपुरवठ्याची खरी कथा होय.

मुंबईला पावसाची उणीव कधींच नव्हती. वर्षाकांठीं २,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस येथें पडतो. परंतु तो चार महिन्यांत पडून जातो, आणि बेटाची जमीन चिंचोळी व सखल असल्यामुळें त्यांतील बहुतेक पाणी पाहतां पाहतां समुद्रास मिळतें. मूळचीं सात बेटें भराव घालून जोडलेलीं. म्हणून पुष्कळ ठिकाणीं विहीर खणावी तों मचूळ पाणी लागावें, असा प्रकार. अशा स्थितींत गोड्या पाण्याची विहीर ही मोठीच संपत्ति होती. विहीर खणणें, तळें बांधणें, पाणपोई घालणें हें सर्व धर्मांच्या लोकांनीं पुण्यकर्म मानलें होतें, आणि मुंबईच्या धनिकांनीं तें मोकळ्या हातानें केलें. १७२५ सालीं भिखा बेहराम या पारशी गृहस्थानें खणविलेली विहीर चर्चगेटजवळ अद्यापि आहे, आणि समुद्र जवळ असूनहि तिचें पाणी गोडें आहे. सी. पी. टँक म्हणजे कावसजी पटेल यांचा तलाव. धोबी तलावाच्या जीर्णोद्धारासाठीं फ्रामजी कावसजी यांनीं मोठी रक्कम खर्च केली, म्हणून तो तलाव पुढें त्यांच्या नांवानेंहि ओळखला जाऊं लागला.

दात्यांचें हें औदार्य खरेंच थोर होतें. परंतु दानाचें पाणी कितीहि गोड असलें, तरी तें दुसऱ्याच्या इच्छेवर अवलंबून असतें. कोणाची विहीर एका जातीची, कोणाची एका वाडीची, कोणाची एका धर्माची. ज्याला कोठेंच वाटा नाहीं, त्यानें भिस्त्याच्या पखालींतून विकत घ्यावें, किंवा ज्या तलावांत गुरें डुंबतात आणि कपडे धुतले जातात तेथेंच घागर बुडवावी. पायऱ्यांच्या विहिरींत लोक पाय बुडवून पाणी भरीत, आणि त्या वाटेनें नारूचा रोग पसरे. वैशाख लागला म्हणजे तळीं तळाशीं जात, आणि वळवाच्या पहिल्या सरीपर्यंत शहर आकाशाकडे पाहत बसे.

१८४५ सालीं पाण्याच्या टंचाईविषयीं लोकांनीं एवढा आक्रोश केला कीं, सरकारला चौकशीसाठीं समिति नेमावी लागली. पुढें दहा वर्षांच्या आंतच पाऊस ओढ देऊं लागला आणि संकट अगदीं दाराशीं आलें. शहरांतील गुरें बाहेर माहीमकडे हलविण्यांत आलीं. होड्यांतून पाणी आणण्यांत आलें. १८५३ सालीं ठाण्यापर्यंत सुरू झालेली नवी आगगाडी, जिचें लोकांना अजून कौतुक वाटत होतें, तिच्यांतूनहि पाणी वाहून आणावें लागलें. ज्या बंदराच्या व्यापाराची कीर्ति दूरवर पसरली होती, त्या बंदरांत पिण्याच्या पाण्यासाठीं रांगा लागाव्या, ही गोष्ट राज्यकर्त्यांनाहि लाज वाटावी अशीच होती.

साष्टी बेटाच्या डोंगरांत मिठी नदीच्या उगमापाशीं विहार नांवाचें एक खोरें आहे. तेथें बंधारे घालून पाणी अडवावें, अशी सूचना १८५० च्या सुमारास क्रॉफर्ड नांवाच्या एका लष्करी अधिकाऱ्यानें केली होती. तिला पूर्ण रूप दिलें तें हेन्री कॉनिबेअर या इंजिनियरनें. कुलाब्याचें अफगाण चर्च म्हणून प्रसिद्ध असलेलें देऊळ त्याच्याच आराखड्याप्रमाणें बांधलेलें आहे. १८५६ सालीं विहारचें काम सुरू झालें आणि १८६० सालीं तेथील पाणी शहरांत आलें. तीन बंधारे घालून अडविलेलें हें पाणी विलायतेहून आणविलेल्या ओतीव लोखंडाच्या नळांतून, केवळ उताराच्या जोरावर, कोणत्याहि यंत्राच्या साहाय्यावांचून मुंबईंत उतरलें. दररोज सुमारें ३ कोटी २० लक्ष लिटर पाणी मिळूं लागलें.

या घटनेचें महत्त्व केवळ लिटरांनीं मोजतां येणार नाहीं. आतांपर्यंत पाणी हें कोणाचें तरी होतें. आतां तें शहराचें झालें. त्यासाठीं पट्टी बसली. पट्टी देणें लोकांना रुचलें नाहीं, परंतु पट्टीबरोबर तक्रार करण्याचा अधिकारहि आला. भिखा बेहरामच्या विहिरीवर पाणी कमी आलें, तर तक्रार कोणाकडे करणार? नळाला पाणी कमी आलें तर मात्र जाब विचारण्यासाठीं एक कचेरी होती. १८८८ च्या मुंबई महानगरपालिकेच्या कायद्यानें पाणीपुरवठा हें पालिकेचें आवश्यक कर्तव्य ठरविलें. हा कायदा घडविण्यांत फिरोजशहा मेहता यांचा मोठा वाटा होता. दानाचें कर्तव्यांत रूपांतर झालें, तें असें.

परंतु विहारचें पाणी आलें आणि आतां तहान कायमची मिटली असें शहरास वाटलें, तोंच अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. माणसांचे लोंढे आले. १८६४ च्या शिरगणतींत ८ लक्ष १६ हजारांहून अधिक लोक मोजले गेले. विहार अपुरा पडला. मग त्याच डोंगरांत, त्याहून उंच जागीं, तुळशीचा तलाव बांधण्यांत आला. १८७९ पासून त्याचें १ कोटी ८० लक्ष लिटर पाणी रोज मिळूं लागलें, आणि उंचीमुळें तें मलबार टेकडीपर्यंतहि चढूं शकलें. तेंहि पुरेना, तेव्हां १८९० च्या सुमारास पवईचा तलाव घाईघाईनें बांधला. परंतु त्याचें पाणी पिण्यास योग्य ठरलें नाहीं. घाईनें केलेल्या कामाचें तें एक शिक्षण होतें.

शेवटीं दृष्टि डोंगरापलीकडे गेली. ठाणें जिल्ह्यांत, शहापूर तालुक्यांत तानसा नदीवर धरण बांधावें, ही मेजर हेक्टर टुलक यांची कल्पना. सुमारें २,८५० मीटर लांबीची ही दगडी भिंत १८९२ सालीं पुरी झाली, आणि तिच्यामागें अडविलेलें ७ कोटी ७० लक्ष लिटर पाणी रोज मुंबईकडे वाहूं लागलें. येथें मुंबईच्या इतिहासांत एक मोठी रेषा ओलांडली गेली. विहार व तुळशी हीं शहराच्या शेजारचीं. तानसा हें दुसऱ्याच्या मुलुखांतलें.

पाणी आणणें हें अर्धेंच काम असतें. जेवढें पाणी शहरांत येतें, तेवढें बाहेरहि गेलें पाहिजे. मुंबईंत नळ आले, परंतु गटारें त्या मानानें आलीं नाहींत. वापरलेलें पाणी मोऱ्यांत तुंबलें, जमिनींत मुरलें. दाट वस्तीच्या गल्ल्या बारा महिने ओल्या राहूं लागल्या. १८९६ च्या सप्टेंबरांत मांडवी भागांत डॉ. आकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या वैद्यानें प्लेगचा रोगी ओळखला, तेव्हां पुष्कळांनीं त्या ओलीलाच दोष दिला. प्लेग हा उंदरांवरील पिसवांनीं पसरतो, हें पुढें शास्त्रज्ञांनीं दाखविलें. ओलीवरील तो आरोप खरा नव्हता. तरी निचऱ्यावांचून पाणी म्हणजे अर्धवट सुधारणा, हा त्या वेळीं निघालेला निष्कर्ष मात्र खोटा नव्हता.

नळ आल्यावर जुन्या विहिरींकडे दुर्लक्ष झालें. डॉ. चार्ल्स बेंटली यांनीं १९११ सालीं मुंबईच्या हिंवतापाविषयीं अहवाल दिला. हिंवताप पसरविणारे डांस शहरांत मुख्यतः विहिरींतच वाढतात, असें त्यांत दाखविलें होतें. विहिरी बुजवा किंवा झांका, असा हुकूम सुटला. त्याला मोठा विरोध झाला. कारण हिंदू व पारशी यांच्या पुष्कळ धर्मकृत्यांना वाहत्या अगर विहिरीच्या पाण्याची आवश्यकता असे. शेवटीं कांहीं विहिरींना जाळीचीं झांकणें व उघडझांप करतां येणारीं दारें बसविण्याची सवलत मिळाली. पुष्कळ विहिरी मात्र कायमच्या मिटल्या. आरोग्याच्या दृष्टीनें हें योग्यच होतें. परंतु त्याबरोबर आणखी एक गोष्ट मिटली. विहिरींत वांकून पाहणाऱ्याला पाणी किती खालीं गेलें तें दिसतें. नळाची तोटी उघडणाऱ्याला तें दिसत नाहीं. शहराचा आपल्या पाण्याशीं असलेला डोळ्यांचा संबंध तुटला.

याच काळांत सार्वजनिक पाणवठा खऱ्या अर्थानें सार्वजनिक कोणासाठीं, हा प्रश्न महाराष्ट्रापुढें उभा राहिला. सार्वजनिक विहिरी व तळीं अस्पृश्यांस मोकळीं असावीं, असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलांत १९२३ सालीं मंजूर झाला. तरीहि १९२७ च्या मार्चमध्यें डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारों लोकांसह महाडच्या चवदार तळ्यावर जाऊन पाण्याची ओंजळ घ्यावी लागली. लोखंडी नळ स्वतः कोणाची जात विचारीत नाहीं, हें खरें; परंतु तो नळ कोणाच्या दारापर्यंत न्यावयाचा, हें माणसेंच ठरवितात.

तानसाचें पाणी १९१५, १९२५ व १९४८ असें टप्प्याटप्प्यानें वाढविण्यांत आलें. स्वातंत्र्यानंतर शहराची हद्द १९५० सालीं आणि पुन्हां १९५७ सालीं उपनगरांपर्यंत वाढली. त्या वाढत्या मुंबईसाठीं वैतरणा नदीवर धरण बांधण्याचें काम एन. व्ही. मोडक या मराठी इंजिनियराच्या दृष्टीनें व परिश्रमानें सिद्धीस गेलें. १९५७ सालीं पुऱ्या झालेल्या त्या जलाशयास मोडकसागर हें नांव मिळालें. इंजिनियराचें नांव सरोवरास लाभावें, ही आपल्याकडे क्वचित् घडणारी गोष्ट आहे. त्यानंतर १९७३ सालीं नाशिक जिल्ह्यांत ऊर्ध्व वैतरणा, १९८० च्या सुमारापासून टप्प्याटप्प्यानें भातसा, आणि २०१४ सालीं मध्य वैतरणा, असे जलाशय मिळत गेले. एकट्या भातसापासूनच आतां शहराचें जवळ जवळ अर्धें पाणी येतें.

आज विहार, तुळशी, तानसा, मोडकसागर, ऊर्ध्व वैतरणा, मध्य वैतरणा व भातसा या सात जलाशयांतून दररोज सुमारें ३८५ कोटी लिटर पाणी मुंबईस मिळतें. भातसाचें पाणी पिसे येथील बंधाऱ्यापाशीं उचलून पांजरापूरला नेतात आणि तेथून पंपानें पुढें ढकलतात. शहराच्या पाण्याचा मोठा भाग भांडुपच्या प्रचंड केंद्रांत शुद्ध होतो, आणि मग टेकड्यांवर बांधलेल्या टांक्यांत सांठवून वस्तीवस्तींत सोडला जातो. एका वेळीं सगळ्या शहरास पाणी देतां येत नाहीं. म्हणून भागाभागाच्या वेळा ठरलेल्या असतात. ठरल्या वेळीं चावीवाला येतो, रस्त्यांतील झांकण उघडून लांब दांड्यानें झडप फिरवितो, आणि एका पेठेचें पाणी बंद होऊन दुसरीचें सुरू होतें. सात धरणांचें सारें सामर्थ्य शेवटीं या एका मनुष्याच्या मनगटांतून शहरापर्यंत पोंचतें. त्याला गल्लीगल्लींतील लोक नांवानें ओळखतात, आणि उशीर झाला तर सर्वांचीं बोलणीं त्यालाच ऐकून घ्यावीं लागतात.

एवढ्या पाण्यांत शहराची तहान भागावी, असें वाटेल. परंतु त्याचा मोठा हिस्सा गळतींत व चोरींत नाहींसा होतो. आणि जें उरतें तें सर्वांस सारखें मिळत नाहीं. ज्या अवजड जलवाहिन्या तानसाहून शहरांत येतात, त्यांच्या कडेनें वर्षानुवर्षें झोंपड्या होत्या. पाण्याचा एवढा ओघ उशाशीं वाहत असतां त्या झोंपड्यांतील पुष्कळ बायकांना घागरीसाठीं दूर जावें लागे, किंवा चढ्या भावानें पाणी विकत घ्यावें लागे. एकोणिसाव्या शतकांत गरिबाला भिस्त्याकडून पाणी विकत घ्यावें लागत होतें. पखालीची जागा प्लॅस्टिकच्या पिंपानें घेतली, एवढाच काय तो फरक. १५ डिसेंबर २०१४ रोजीं मुंबई उच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, झोंपडें कायदेशीर असो वा नसो, त्यांत राहणाऱ्या माणसाला पाण्याचा हक्क आहे. कारण पाणी हा जगण्याच्याच हक्काचा भाग आहे. १८६० सालीं सुरू झालेल्या एका विचाराची ती पुढची पायरी होती.

या कथेचें दुसरें टोंक नळाच्या आरंभीं आहे. शहापूर, मोखाडा या तालुक्यांचे डोंगर मुंबईच्या पाण्याचें माहेर आहेत. धरणें बांधतांना तेथील वारली, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी यांच्या जमिनी व जंगलें पाण्याखालीं गेलीं. पावसाळ्यांत त्यांच्या डोळ्यांदेखत जलाशय तुडुंब भरतात. परंतु चैत्र-वैशाखांत त्याच तालुक्यांतील अनेक पाड्यांवर बायका कोरड्या झऱ्यापाशीं रात्र काढतात आणि टँकरची वाट पाहतात. ‘धरण उशाला आणि कोरड घशाला’ ही म्हण तेथें म्हण राहिलेली नाहीं, ती रोजची हकीगत झाली आहे. हें पाणी मुंबईनें चोरलें असें म्हणणें अन्यायाचें होईल. एवढ्या मोठ्या वस्तीस पाणी हवेंच. परंतु ज्या घरचें पाणी प्यावें, त्या घरची घागर रिकामी असूं नये, हा नियम साधा आहे, आणि तो पाळणें एवढ्या मोठ्या शहराच्या शक्तीबाहेरचें नाहीं. धरणापासून मुंबईपर्यंत शंभर किलोमीटर नळ नेतां येतो, तर धरणापासून पाड्यापर्यंत चार-पांच किलोमीटर कां नेतां येऊं नये?

गेल्या पावणेदोन शतकांचा हा इतिहास पाहिला म्हणजे एक क्रम ध्यानांत येतो. पाणी अपुरें पडलें कीं शहर आणखी दूर पाहतें. विहार अपुरें म्हणून तुळशी, तुळशी अपुरें म्हणून तानसा, तानसा अपुरें म्हणून वैतरणा, वैतरणा अपुरी म्हणून भातसा. आणि त्यापुढें गारगाई व पिंजाळ या नद्यांवरील धरणांच्या योजनाहि पुढें आल्या. प्रत्येक योजना तिच्या काळीं आवश्यकच होती, आणि ती तडीस नेणाऱ्यांचें ऋण मोठें आहे. परंतु दूर पाहण्याच्या या संवयीनें जवळ पाहण्याची संवय मोडली. शहरावर पडणारा पाऊस आजहि तसाच समुद्रास मिळतो. गळणाऱ्या नळांतून जाणारें पाणी ही एक न बांधलेली नदीच आहे. ती अडविण्यासाठीं कोणाचेंहि शेत बुडवावें लागणार नाहीं.

या इतिहासांत एक समाधानाची गोष्टहि आहे, आणि ती विसरतां कामा नये. विहार व तुळशी यांचें पाणी स्वच्छ राहावें म्हणून त्यांच्या भोंवतालचें रान पालिकेनें राखलें. तें रान आज राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, आणि कोट्यवधि वस्तीच्या शहरास लागूनच तेथें बिबटे राहतात. पाण्यासाठीं राखलेल्या जंगलानें शहराला श्वासहि दिला. उगमाची काळजी घेतली म्हणजे फळ कसें मिळतें, याचा हा दाखला मुंबईच्याच दाराशीं आहे. तोच न्याय शहापूरच्या व मोखाड्याच्या डोंगरांना, आणि त्या डोंगरांतल्या माणसांना लागला पाहिजे.

जुन्या मुंबईंत ज्यानें विहीर खणविली त्याचें नांव विहिरीवर कोरलें जात असे, आणि पाणी पिणारा त्याला मनांतून दुवा देई. आतां नळावर कोणाचेंहि नांव नाहीं, आणि तें नसणेंच योग्य. कारण सार्वजनिक पाणी हें कोणा एकाचें दान नव्हे. परंतु पहांटे तोटी सोडतांना, पाण्याची पहिली धार हंड्यांत पडतांना, तें कोणत्या डोंगरावरून आलें आणि तेथें आज कोणाच्या घरीं हंडा भरला आहे, एवढा विचार ज्या दिवशीं शहराच्या मनांत येईल, त्या दिवशीं मुंबईचें पाणी पूर्णार्थानें सार्वजनिक झालें असें म्हणतां येईल.